पांढऱ्या गाडीतले लोखंड

मित्रांनो, मी एक जुना नालचुंबक आहे. चिकटणे हा माझा स्वभाव, आणि जिथे चिकटायला काही नाही तिथे गप्प पडून राहणे हाही माझाच स्वभाव. तुमच्यासारखी मुले मला पाहिले की आधी टाचण्या आणतात. टाचण्यांचा मला मनापासून कंटाळा आला आहे. मी मोटारी तपासल्या आहेत, त्याही साध्यासुध्या नव्हेत. त्यांतल्या दोन मोटारींची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. ऐकताना थोडी भीती वाटली तर वाटू द्या. मलाही वाटली होती.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. पोलादाची एक पट्टी तापवून वाकवली, पाण्यात बुडवून कडक केली आणि विजेच्या वेटोळ्यात धरून तिच्यात ओढ भरली. मग तांबडा रंग दिला, दोन टोके उघडी ठेवली, एकावर 'उ' आणि दुसऱ्यावर 'द' कोरले. सोबत मऊ लोखंडाचा एक लहान तुकडा दिला. काम संपले की तो माझ्या दोन्ही टोकांवर आडवा ठेवायचा, म्हणजे माझी ओढ माझ्यातच फिरत राहते आणि कमी होत नाही. शाळेच्या पुस्तकात त्याला चुंबकरक्षक म्हणतात. तो तुकडा जरा लक्षात ठेवा, कारण माझ्या नशिबी तो फार दिवस नव्हता.

सांगलीच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मी काही वर्षे काढली. तिथून बळवंत नावाच्या विद्यार्थ्याने मला परीक्षेच्या सरावासाठी घरी नेले, ते नेलेच. परत द्यायचे राहून गेले, असे तो आजही सांगतो. मी त्याला चोरी म्हणतो, पण चोर चांगला निघाला म्हणून तक्रार करत नाही. तो धातूंचा इंजिनिअर झाला आणि चौऱ्याहत्तर साली कॅनडाला निघाला, तेव्हा त्याने मला स्वेटरांच्या घडीत ठेवले. वाटेत मी त्याच्या वडिलांनी दिलेले घड्याळ बंद पाडले. टोरांटोच्या विमानतळावर ट्रंक उघडून तपासली गेली, त्या गडबडीत माझा रक्षक घरंगळून कुठे गेला तो गेलाच. तेव्हापासून माझी दोन्ही टोके उघडी राहिली. अशा चुंबकाला सतत कसली तरी ओढ जाणवत राहते, कधी पलंगाच्या स्प्रिंगांची, कधी भिंतीतल्या खिळ्यांची. शांत झोप मला पन्नास वर्षांत लागली नव्हती.

बळवंतचे पुढे बळवंतराव झाले. टोरांटोतल्या एटोबिको भागात घर झाले, मुले झाली, आणि मी त्या घराच्या फ्रिजवर उभा राहिलो. ग्रोसरीची यादी धर, मुलांच्या शाळेचे पत्रक धर, असली कामे माझ्याकडे आली. पंडिताला दारात चपला राखायला बसवावे, तसे ते दिवस होते. मग बळवंतराव रिटायर झाले आणि माझे दिवस पालटले.

त्यांना जुन्या अमेरिकन स्पोर्ट्स मोटारींचे वेड होते. विकत घेण्याइतके नाही, पण पाहण्याचे आणि तपासण्याचे. हौशी संग्राहक साठ वर्षांपूर्वीची मोटार घ्यायला निघाले की आधी बळवंतरावांना बोलावू लागले. कारण असे, की इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ मोटारीचा पत्रा खालून खात जाते. मग लबाड विक्रेते भोके पुट्टीने बुजवतात, वरून झकास रंग मारतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. डोळ्यांना ते कळत नाही, पण मला कळते. पत्र्यावर मी घट्ट बसतो आणि पुट्टीवरून घसरतो. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून रश्मीकाकूंनी, म्हणजे बळवंतरावांच्या पत्नीने, आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा मला गुंडाळायला दिला. आता बाजारात आकडे दाखवणारी यंत्रे मिळतात. तरी लोक म्हणतात, "अंकल, आप अपना मॅग्नेट लेके आइए." हे सांगताना मला थोडा गर्व होतो, तो तुम्ही माफ करा.

बळवंतरावांची कामाची एक रीत आहे. मोटारीला हात लावण्याआधी ते तिला नमस्कार करतात. वाहन आहे, विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नये, असे त्यांचे म्हणणे. दोन मोटारींची तुलना असली की वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करतात, आणि काम पुरे होईपर्यंत मालकाला एक शब्दही सांगत नाहीत.

गेल्या मार्च महिन्यात सस्काटूनहून उमाताईंचा फोन आला. त्यांचे यजमान डॉक्टर विलास हे हाडांचे डॉक्टर आणि बळवंतरावांचे जुने मित्र. ते ऑक्टोबरमध्ये वारले होते. उमाताई आता घर विकून मुलीजवळ, गौरांगीजवळ, वॉटर्लूला जाणार होत्या. तिथल्या कंडोत, म्हणजे इमारतीतल्या फ्लॅटला, एकाच मोटारीची जागा होती, आणि डॉक्टरांच्या मागे मोटारी राहिल्या होत्या दोन. एक ठेवायची, एक विकायची. गौरांगीच्या ऑफिसातला पुण्याचा देवेश कोणतीही एक घ्यायला तयार होता, फक्त बळवंतरावांनी दोन्ही तपासून सांगावे एवढीच त्याची अट होती. मी साडीच्या तुकड्यात गुंडाळला गेलो आणि कोटाच्या खिशातून विमानात बसलो.

सस्काटूनला त्या दिवशी उणे अठरा होते. घरामागच्या गॅरेजमध्ये दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोघींवर पांढऱ्या चादरी. गॅरेजचा हीटर कधीचा बिघडलेला होता. बाहेर सपाट माळावरून वारा येत होता आणि दाराचा पत्रा बारीक घुमत होता. डावीकडची चादर स्थिर होती. उजवीकडची मात्र फुगत होती आणि बसत होती, फुगत होती आणि बसत होती. दाराच्या फटीतून वारा येतो, असे बळवंतराव स्वतःशीच म्हणाले. पण फट डाव्या मोटारीच्या बाजूला होती.

डावी मोटार निघाली सहासष्टची निळी मस्टँग. मित्रांनो, पक्षपात वाईट हे मला मान्य आहे, पण निळी पाहताच मी तिच्यावर जीव टाकला. अंगभर पोलाद. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीची जमीन, जिथे मीठ आधी तोंड घालते त्या सगळ्या जागांवर मी घट्ट बसलो. डाव्या मागच्या कमानीपाशी तेवढा बोटभर घसरलो, तिथे जुनी पुट्टी होती. इंजिनावरचा आकडा आणि गाडीच्या अंगावरचा आकडा जुळत होते. बळवंतरावांनी पहिल्या रकान्यात लिहिले की मोटार खरी आहे आणि रोज वापरण्याजोगी आहे.

मग त्यांनी उजवीकडची चादर काढली. ती त्रेसष्टची पांढरी कॉर्व्हेट होती. संग्राहकांना विचाराल तर ते निळीला सोडून हिच्याकडे धावतील. रूप देखणे, संख्येने कमी, मागची काच दोन तुकड्यांची, तशी फक्त त्याच एका वर्षी केलेली. पण हिचे अंग पत्र्याचे नाही, फायबरग्लासचे आहे. काचेचे धागे आणि राळ. आत सांगाडा लोखंडी असतो, पण वरच्या कातडीत माझ्यासाठी काही नाही. अशा मोटारीवरून मला फिरवले की मी आंधळा होतो.

चादर निघाली तेव्हा एक गोष्ट दिसली. पुढच्या काचेवर आतून दहिवर गोठले होते, पण सगळ्या काचेवर नाही. फक्त डाव्या अर्ध्या भागावर, स्टिअरिंगच्या समोर. कोणीतरी तिथे बसून बराच वेळ श्वास सोडत राहावे, तेवढेच. बळवंतरावांनी काचेच्या कडेवरून बोट फिरवले. मग डावीकडचे रबर गेले असेल, ओल आत येत असेल, असे म्हणून त्यांनी तसे लिहून टाकले.  उमाताई दारापाशीच उभ्या होत्या, जवळ आल्या नव्हत्या.

आतल्या सीट पाहून बळवंतराव पुन्हा थांबले. डॉक्टरांची सीट खोलगट झालेली, कातड्याला भेगा पडलेल्या. शेजारची सीट नवी कोरी. कातड्यावर एक सुरकुती नाही.

"वहिनी, ही एकच सीट नंतर बदलली का?"

"दोन्ही एकदमच केल्या होत्या," उमाताई म्हणाल्या. "नाइन्टी-फाइव्हच्या स्प्रिंगमध्ये. त्या सीटवर कोणी बसलंच नाही."

आणि मग त्यांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेले, पिवळे पडलेले एक कात्रण काढले आणि बळवंतरावांच्या हातात दिले. पुढचे त्या इतक्या सावकाश बोलल्या, की मी खिशाच्या तोंडाशी असूनही मला कान देऊन ऐकावे लागले.

पांढरी मोटार डॉक्टरांनी चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात घेतली होती. दर गुरुवारी ते एका लहान गावाच्या दवाखान्यात जात. नोव्हेंबरच्या एका गुरुवारी संध्याकाळी ते परत आले, तेव्हा मोटारीचा पुढचा उजवा मडगार्ड फुटला होता. हरीण आडवे आले, धडकून शेतात पळाले, एवढेच त्यांनी सांगितले, आणि जेवायला बसले. तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. त्याच रस्त्यावर, त्याच संध्याकाळी, पेट्रोल आणायला कडेने चालत निघालेल्या एका माणसाला एका मोटारीने उडवले होते. माणूस गेला. मोटार थांबली नाही. पुढचा उजवा भाग फुटलेली मोटार दिसल्यास कळवावे, असे पोलिसांनी लिहिले होते. उमाताईंनी ती बातमी कापून ठेवली. पेपरला पडलेले भोक डॉक्टरांनी पाहिले असणारच. दोघेही काही बोलले नाहीत.

त्यानंतर डॉक्टरांनी मोटार कोणत्याही दुकानात नेली नाही. हा हीटर तेव्हा चालू होता. सबंध हिवाळा दार लावून त्यांनी मडगार्ड स्वतःच्या हातांनी दुरुस्त केला. राळेचा वास घरात स्वयंपाकघरापर्यंत येई. त्या माणसाला उडवणारा कधीच सापडला नाही.

"तीस वर्षं मी ह्यांच्या शेजारी बसून जेवले, बळवंतराव," उमाताई म्हणाल्या. "ह्यांनी शेकडो लोकांची हाडं जोडली, सगळं गाव मला नमस्कार करायचं, आणि मी ते कात्रण मसाल्याच्या डब्याखाली जपून ठेवलं. विचारलं नाही. नवऱ्याला असं कसं विचारायचं? देवेशसाठी दोन्ही गाड्या कम्पेअर करा, ते आहेच. पण मला एवढंच सांगा. तिथे माणूस लागला होता की हरीण?"

बळवंतरावांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, मॅग्नेटला लोखंड कळतं. माणूस आणि हरीण नाही कळत."

"जे कळेल ते सांगा."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. तीस वर्षे एका बाईच्या मनाने काय काय चिंतले असेल, याचा हिशेब मला तरी लागला नाही. आणि उत्तर द्यायचे होते मला, तेही अशा मोटारीवर जिथे मी आंधळा.

बळवंतरावांनी मला पांढरीच्या नाकापासून फिरवायला सुरुवात केली. काही नाही. डावा मडगार्ड, काही नाही. बॉनेट, काही नाही. विहिरीत पोहरा सोडावा आणि पाणी लागूच नये, तसे वाटत होते. मग आम्ही उजव्या मडगार्डवर आलो, चाकाच्या कमानीच्या बरोबर वर, जिथे या मोटारीत लोखंडाचा कणही नसतो.

तिथे मला कोणीतरी धरले.

मित्रांनो, मी आयुष्यभर लोखंडाला ओढत आलो. मला ओढले जाण्याची सवय नाही. ती ओढ जोराची नव्हती. रंगाखालून, राळेखालून, जाड रजईखालून कोणी मनगट धरावे, तशी हलकी होती. बळवंतरावांचा हात थबकला. त्यांनी मला उचलले, पुन्हा ठेवले. मी पुन्हा धरला गेलो.

"आत लोखंड आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला आवडला नाही. "बहुतेक वायरची जाळी टाकून भरलंय. फार मोठं भगदाड पडलं की तसं करतात."

"हरणाने एवढं पडतं?"

बळवंतराव मडगार्डवर वाकले. उमाताई कोपऱ्यातल्या उलट्या बादलीवर बसल्या. वारा थांबला होता, तरी दाराचा पत्रा घुमतच होता.

पण ती जाळी नव्हती, हे मला कळले होते. जाळी असती तर मला सगळीकडून बारीक बारीक चिमटे बसले असते. ही वस्तू जाड होती, एकसंध होती, आणि वळत होती. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते. माझ्या नशिबाने बळवंतराव धातूंचा माणूस. त्यांनाही शंका आली असावी. त्यांनी निळ्या चिकटपट्टीचे बोटाएवढे तुकडे फाडले आणि मला तसूतसूने सरकवत नेले. मी जिथे धरला जाई तिथे एक तुकडा लावत. एक, दोन, पाच, अकरा. पांढऱ्या मडगार्डवर निळ्या ठिपक्यांची रेघ उमटत गेली. ती खाली गेली, वळली आणि वर आली.

बळवंतराव मागे सरले. ठिपक्यांचा आकार माझाच होता. आकाराने जरा मोठा, पण तोच. माझ्यासारखाच कोणी त्या राळेत तीस वर्षे उताणा पडून होता, दोन्ही टोके वर करून. आरशात न पाहणाऱ्याला एकाएकी आपला चेहरा दिसावा, आणि तोही दुसऱ्याच्या कातडीखाली, तसे मला झाले.

उमाताई बादलीवरून उठल्या. पहिल्यांदाच त्या मोटारीजवळ आल्या. "ही माझी नाल आहे," त्या म्हणाल्या.

काळ्या घोड्याची ती नाल त्यांच्या आईने सांगलीहून पाठवली होती. परदेशात घर, कोणाची नजर लागू नये म्हणून. उमाताईंनी ती बेसमेंटच्या दारावर ठोकली. ती दारावर होती तोवर डॉक्टरांनी तिची चेष्टा केली. ज्याच्या चारही पायांत नाल असते तो घोडा तरी कुठे सुखी असतो, असे ते आल्यागेल्याला विचारून हसवत. त्याच हिवाळ्यात नाल दारावरून नाहीशी झाली. दाराला रंग देताना ह्यांनी फेकली असणार, असे उमाताईंनी धरले होते.

आता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नजर काचेवरच्या त्या गोठलेल्या अर्ध्या भागाकडे गेली आणि तिथेच राहिली. "नालेला हसणारा माणूस," त्या म्हणाल्या. "त्याने ती लपवून गाडीत बसवली. इतकं कशाला घाबरले असतील हे? रात्री कोण येऊन शेजारी बसत होतं ह्यांच्या?"

बळवंतराव म्हणाले की वरून रंग फोडायची गरज नाही, चाक काढून आतल्या बाजूने राळ फोडता येईल. पण फोडले की जे निघेल ते निघेल. झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची असेल, तर ते इथेच थांबतील, देवेशला निळी घ्यायला सांगतील आणि पांढरीबद्दल कोणाशी काही बोलणार नाहीत. उमाताईंनी भिंतीवरची टॉर्च काढली आणि कमानीत प्रकाश धरला.

पंचाहत्तरीच्या बळवंतरावांनी जॅक लावला, चाक काढले, आणि कमानीखाली पाठीवर पडून छिन्नीने पिवळी राळ फोडायला घेतली. मी त्यांच्या छातीवरच्या खिशात होतो. प्रत्येक घावाला माझ्या अंगातून एक कळ जात होती. चुंबकाला धक्के सोसत नाहीत. आधी नाल दिसली. गंजलेली नव्हती, राळेत निजल्यासारखी होती. तिला काळा दोरा बांधलेला होता आणि दोऱ्याची गाठ एखाद्या जखमेच्या टाक्यासारखी नीटनेटकी होती. नालेच्या आत, बरोबर मध्यभागी, राळेत आणखी काहीतरी होते.

बळवंतरावांची छिन्नी थांबली. "वहिनी, टॉर्च जरा जवळ."

"काय आहे?"

"हाड आहे."

 खिळे, नट, पाने, त्या गॅरेजातले सगळे लोखंड त्या क्षणी माझ्याकडे पाहते आहे असे मला वाटले. हाडाशी माझे काही नाते नाही, मला त्याचे काही कळत नाही, आणि तेव्हा मला ते कळूही नये असे वाटत होते. बळवंतरावांनी अंगठ्याने भुगा बाजूला केला, फुंकर मारली, आणखी थोडे खरवडले.  त्यांच्या छातीचे ठोके मला खिशातून ऐकू येत होते.

"शिंग आहे हे," ते म्हणाले. "हरणाच्या शिंगाचं टोक. तुटून आत रुतलंय. बाजूला केसही आहेत, राळेत अडकलेले. बघा वहिनी, राखाडी केस. हरीणच होतं."

उमाताई गुडघ्यांवर बसल्या आणि वाकून त्यांनी ते पाहिले. बोटाच्या पेराएवढे टोक, त्यावर बारीक खोबणी. डॉक्टरांनी ते का काढले नाही, असे त्यांनी विचारले. बळवंतराव म्हणाले की विलास हाडांचा डॉक्टर, खोल रुतलेला तुकडा काढायला गेले की कधी कधी जास्त तुटते, म्हणून तो तसाच ठेवतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने तो तिथेच ठेवला आणि भोवती नाल बसवली.

मग उमाताईंना पंच्याण्णवचा वसंत आठवला. डॉक्टरांनी दोन्ही सीटना नवे कातडे लावून घेतले होते. मोटार दारात आणून, शेजारचे दार स्वतः उघडून ते म्हणाले होते, "चल, बस आता. आता हिला काही होणार नाही." एवढेच. नाल बसवली आहे, हे हसणाऱ्या माणसाला सांगवले नसावे. उमाताई म्हणाल्या होत्या की पाठ दुखते आहे. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारले, त्याच्या पुढच्याही. पाठ दुखतच राहिली. मग त्यांनी विचारणे सोडले आणि तीस उन्हाळे ते एकटेच त्या मोटारीतून फिरून येत राहिले.

"त्यांना वाटलं, मी गाडीला भिते," उमाताई म्हणाल्या. "मी गाडीला भीत नव्हते, बळवंतराव. मी ह्यांना भीत होते."

त्या रडल्या. मोठ्याने, लहान मुलासारख्या रडल्या. बळवंतराव कमानीखालून बाहेर आले आणि काय करावे न सुचून त्यांनी रश्मीकाकूंच्या साडीचा तो तुकडा त्यांच्यापुढे केला. मी उघडाच गॅरेजातल्या बाकावर पडलो. चाक पुन्हा चढवून झाल्यावर उमाताईंनी पांढरीचे उजवे दार उघडले आणि त्या आत बसल्या. कोऱ्या कातड्याने करकर आवाज केला. त्यांनी दार ओढून घेतले. थोड्या वेळाने त्यांच्या समोरची काच त्यांच्या श्वासाने धुरकट झाली. आता सगळी काच सारखी दिसत होती, डावीकडची आणि उजवीकडचीही. बळवंतरावांनी वही उघडली, डाव्या बाजूच्या रबराबद्दलची ओळ खोडली आणि दुसऱ्या रकान्यात लिहिले, "विकायची नाही."

निळी देवेशकडे गेली. तो तिला जपतो असे ऐकतो, आणि माझा जीव तिच्यात असल्यामुळे मला ते बरे वाटते. मला मात्र बळवंतरावांनी उमाताईंना देऊन टाकले. परत द्यायचे एकदाचे जमले, असे ते म्हणाले. शाळा ती नव्हे, पण असू द्या. मी आता वॉटर्लूच्या कंडोखाली, पांढरीच्या कप्प्यात असतो. माझ्या दोन्ही टोकांवर, राळेतून सोडवून काढलेली ती नाल आडवी ठेवलेली आहे. पन्नास वर्षांपूर्वी हरवलेला रक्षक मला असा मिळाला. माझी ओढ आता तिच्यातून फिरून माझ्याकडे येते, आणि मला झोप लागते. शिंगाचे टोक जिथे होते तिथेच आहे.

मित्रांनो, चुंबकाला आपटू नका, तापवू नका आणि रक्षकाशिवाय उघड्या टोकांनी ठेवू नका. सगळी ओढ हवेत जाते. जुनी मोटार घरात असेल तर तिचे मीठ धूत जा. आणि घरातल्या माणसाला काही विचारायचे असेल, तर तो समोर जेवत बसलेला असतानाच विचारा. मी खरे सांगतो हे कबूल, पण मला बोलावेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

दर रविवारी दुपारी उमाताई खाली येतात. गौरांगी गाडी चालवायला तयार असते, पण त्या तिला वर पाठवतात. उजव्या सीटवर बसून अर्धा तास त्या हळू आवाजात काहीबाही बोलतात. त्या पार्किंगमध्ये हीटिंग आहे, तिथे काही गोठत नाही. तरीही त्या बसल्या की काच धुरकट होते, आणि डावीकडची बाजू बहुधा त्यांच्या आधीच झालेली असते. निघताना त्या रुमाल काढतात आणि फक्त आपली बाजू पुसतात.